बाबांची बाबांविरुद्ध हरकत

नवा नकाशा छापून आला की त्याची एक प्रत बाबा घरी आणायचे. बैठकीतल्या खुर्च्या भिंतीला लागायच्या, फरशीवर सतरंजी पडायची आणि तिच्यावर तो नकाशा. एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर आईची लोखंडी इस्त्री, तिसऱ्यावर माझा शब्दकोश आणि चौथ्यावर बाबांचा स्वतःचा जेवणाचा डबा. मग ते खिशातली तीनधारी मोजपट्टी काढायचे आणि म्हणायचे, "चला, फिराले."

हा आमच्या घरचा खेळ होता. प्रत्येकाने नकाशावर एक घर निवडायचं आणि दोन बोटांनी चालत निघायचं. शाळेत, बाजारात, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर. मी बोटं भराभर उचलली की बाबा ओरडायचे, "हळू, मा, हळू! तुह्या डोक्यावर टोपलं हाय." बंगाली बाप आपल्या लेकीला 'मा' म्हणतो, तसं ते मला म्हणायचे. मग पट्टी लावून हिशेब सांगायचे, "बाजाराले सात मिनिटं. ओझं असन तं दहा. आन् लेकरू कडेवर असन तं?" मी वैतागून म्हणायचे की माझ्या कडेवर कोणी नाही, मला फक्त शाळेत जायचंय. आई मात्र हा खेळ मन लावून खेळायची. तिची बोटं घराघराशी थांबायची, गप्पा मारायची, आणि सगळं गाव फिरून झालं की ती ठरलेला प्रश्न विचारायची.

"आता सांगा जी, माह्या घरी पानी कुठून येते?"

ही गोष्ट त्या प्रश्नाची आहे. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. माझा आवाज तसाही लवकर चढतो, हे आमच्या गल्लीत कोणीही सांगेल.

बाबा नगररचना खात्यात होते. चंद्रपुरात आमच्या शेजाऱ्यांना हे खातं काय करतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणाला ते रस्त्याचे इंजिनिअर वाटायचे, कोणाला तलाठी. एकदा घरमालकांनी सरळ विचारलं, "तुमी नेमकं बांधता तरी काय?" बाबा म्हणाले, "काई नाई बांधत जी. कुठी काय बांधाचं नाई, ते सांगतो." घरमालकांना ही नोकरी फार आवडली. त्यानंतर ते बाबांना भेटले की, "आज काय नाई बांधलं, साहेब?" असं विचारून स्वतःच हसायचे.

बाबा बाहेरचे. सात वर्षांचे असताना आईचा हात धरून पूर्व बंगालची सीमा ओलांडून आलेले. काही वर्षं छावणीतल्या तंबूत काढली, मग ट्रकमध्ये बसवून सरकारने त्यांना आमच्या या जंगलात आणून सोडलं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हाच होता. जंगल तोडून निर्वासितांसाठी नवीन गावं वसवली होती आणि प्रत्येक गाव कुठल्यातरी कचेरीत टेबलावर आखलेलं होतं. घरं एका सरळ ओळीत, दोन घरांत सारखं अंतर, मधून रुंद रस्ता. कागदावर फार देखणं दिसत असणार. पहिल्याच पावसाळ्यात त्या ओळीतल्या अर्ध्या घरांत पाणी शिरलं, कारण ओळ खोलगट जागेवर होती. बाबांच्या आईने खाटेवर चूल मांडली आणि पोरांना आढ्याला बांधलेल्या फळीवर बसवून भात शिजवला. दरवर्षी असंच व्हायचं. बाबा त्या फळीवर बसून लहानाचे मोठे झाले.

"ज्यानं आमचं गाव आखलं, त्यानं ते पावसात नाई पाह्यलं," असं ते म्हणायचे. त्या माणसाला त्यांनी कधी शिवी दिली नाही. नुसतं हे वाक्य म्हणायचे, आणि ते शिवीपेक्षा वाईट वाटायचं. त्या माणसासारखं व्हायचं नाही म्हणूनच ते या कामात पडले. नगररचनेच्या शिक्षणासाठी नागपूरला वसतिगृहात राहिले, ड्रॉइंग बोर्ड पोटाशी धरून परीक्षा दिल्या आणि नोकरी लागली त्या दिवशी स्वतःला एक नियम घालून घेतला. गाव उन्हाळ्यात पाहायचं, पावसाळ्यातही पाहायचं, आणि मगच रेघ ओढायची. या नियमापायी कचेरीत त्यांची भरपूर टिंगल व्हायची. पावसाळ्यात छत्री आणि गमबूट घेऊन कुठल्यातरी गल्लीत गुडघाभर चिखलात उभे राहून वहीत काहीतरी लिहिणारा माणूस म्हणजे आमचे बाबा. एकदा माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यांना तसं पाहिलं. मी सांगितलं की ते आमचे कोणी नाहीत. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आज इथे लिहिते आहे.

आई सावली तालुक्याकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. बाबा तिकडे कुठल्यातरी मोजणीला गेले असताना तिच्या वडिलांच्या पडवीत मुक्कामाला होते, आणि पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. मांसमच्छी खाणारा, परमुलखातला, ना शेत ना गोतावळा. माहेरी बराच गोंधळ झाला म्हणतात. पण बाबा बायकोला बंगालीत बोलावं तसं कायम 'तुमी' म्हणायचे आणि ते ऐकून आईच्या मावश्या पार विरघळल्या. इकडे नवरे बायकोला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. "असा मान देनारा जावई आपल्या खानदानात झाला नाई," असं त्यांनी जाहीर केलं. बंगालीत 'तुमी' म्हणजे घरगुती 'तू'च, पण बाबांनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

तर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वैनगंगेच्या बाजूच्या एका लहान नगरपालिकेच्या गावाचा विकास आराखडा बाबांकडे आला. गावाचं नाव सांगत नाही, गरजही नाही. शाळा कुठे, बाजार कुठे, रस्ता किती रुंद, पुढच्या वीस वर्षांचं सगळं त्या एका कागदावर ठरणार होतं. त्यात बेघरांच्या घरकुलांसाठी जागा राखून ठेवायची होती, आणि बाबांचा जीव त्या एका तुकड्यात अडकला होता. काम मात्र घाईचं होतं. पाहणी मे महिन्यातच आटपा, असा वरून तगादा आला. बाबा भर उन्हात पंधरा दिवस डोक्यावर ओला पंचा टाकून ते गाव पायी फिरले. पावसाळ्यात पुन्हा जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला नियम मोडला. "सपाट गाव हाय," ते आईला म्हणाले, "आन् पान्याचं मले कोनी शिकवाचं काम नाई. मी पान्यातलाच हाय."

आराखडा प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रात नोटीस आली, नगरपालिकेच्या फळ्यावर नकाशा लागला, हरकती मागवल्या गेल्या. गणपती उठले होते. बाबा छापील प्रत घेऊन घरी आले, सतरंजी पडली, वरवंटा आला. ते दिवस आमच्या घरात भलतेच आनंदाचे होते, कारण बढतीची यादी निघणार होती आणि तिच्यात बाबांचं नाव येणार होतं. बढती म्हणजे नागपूर. मी बारावीत होते. नागपूरचं कोणतं कॉलेज, कोणती बस, कोणत्या चौकात उतरायचं, सगळं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी आईने घरकुलांच्या ओळीतलं एक घर निवडलं. तिची बोटं बाजारात जाऊन आली, दवाखान्यात जाऊन आली, आणि परत येताना घरकुलांच्या मागे काढलेल्या एका लांबट पट्ट्याशी थांबली. तिथे बाबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: जुन्या रस्त्याचा भराव.

"हे तं पाळ हाय," आई म्हणाली.

"कायची पाळ?"

"बोडीची. त्या गावात माह्या मावशीचं घर हाय ना, त्याच्यामागची बोडी. या पाळीवर मोहाची झाडं हाय ना? लहानपनी आमी तिथी पोहाले जाऊ."

बाबा हसले. म्हणाले, "मी सोता गेलो होतो. पानी नाई तिथी. गुरं चरत होती."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "अजी, मे महिन्यात बोडीत पानी कसं राहीन?"

मला त्यांचा चेहरा आठवतो. आधी हसू तसंच राहिलं, मग ते हळूहळू उतरलं. बंगालात तळं म्हणजे खणलेला चौकोन, चारी बाजूंनी काठ, बारा महिने पाणी. तेच त्यांच्या डोळ्यांत होतं. आमच्या झाडीपट्टीतली बोडी तशी नसते. उताराच्या बाजूला मातीची पाळ घालतात, वरून वाहत येणारं पाणी तिला अडतं आणि मागे पसरतं. वरची बाजू सताड उघडी. धानाला पाणी सोडत सोडत बोडी रिकामी होते आणि उन्हाळ्यात तिथे नुसतं मैदान दिसतं. इथला कोणीही माणूस पाळ पाहून ओळखेल. सरकारी कागदावर ती जागा पडीत होती, जमिनीवर कोरडी होती, आणि पाण्यातल्या माणसाने ती घरांसाठी निवडली.

रविवारी आम्ही तिघं एसटीने त्या गावी गेलो. पाळीवर चढलो तर समोर काठोकाठ पाणी. पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरलेली आणि त्यांतून डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, ढकलत मासेमार ढिवरांतली एक म्हातारी शिंगाडे तोडत होती. बाबांनी नकाशा उघडला, पाळीची दिशा जुळवली आणि बोट ठेवलं. घरकुलांची पहिली ओळ बरोबर त्या म्हातारीच्या डोंग्याखाली होती.

"काय पाहून राह्यले जी, साहेब?" तिने विचारलं.

बाबांनी खरं ते सांगितलं. "इथी घरं बांधाचं चाललं हाय, बाई."

ती खो खो हसली. "कोनासाठी? मासोळ्यायसाठी?"

आई हसली, मीही हसले. बाबा पाळीवर मटकन बसले. बूट काढून त्यांनी पाय पाण्यात सोडले. मग आईला म्हणाले, "मी तोच मानूस झालो."

कोणता माणूस, ते आम्हाला विचारावं लागलं नाही. मला त्या क्षणी त्यांची कीव आली होती. घरी पोचेपर्यंत त्या किवेचा राग झाला, कारण पुढे काय करायचं ते त्यांनी एसटीतच ठरवून टाकलं होतं.

एकदा आराखडा प्रसिद्ध झाला की खुद्द आखणाऱ्यालाही त्यावर खोडरबर चालवता येत नाही. बदल हवा तर कोणीतरी लेखी हरकत घ्यायची, मग समितीसमोर तिची सुनावणी होते. मुदतीचे शेवटचे चार दिवस उरले होते आणि बोडीबद्दल एकही हरकत आलेली नव्हती. येणार कुठून? शिंगाडे तोडणारी म्हातारी नगरपालिकेच्या फळ्यावरचा नकाशा वाचायला जाते थोडीच? बाबांनी ठरवलं की हरकत आपणच घ्यायची. आपल्याच आराखड्यावर, आपल्याच नावाने, घरच्या पत्त्यावरून.

त्यांचे वरिष्ठ भले माणूस होते. त्यांनी आरडाओरड केली नाही, दार लावून समजावलं. चूक सगळ्यांकडून होते, दुरुस्त करा, पण गावातल्या कोणाचातरी अर्ज येऊ द्या. एक अंगठा पुरे. तुमचं नाव कशाला? बढतीची यादी तोंडावर आली आहे. बाबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि मी भांडी आपटायचीच बाकी ठेवली.

"बरोबरच आहे त्यांचं!" मी म्हणाले. "त्या म्हातारीचा अंगठा घ्या की. तिचं काय जातं? काम तेच होणार ना?"

बाबा जेवत होते. घास ताटात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चूक माही, मा. आन् अंगठा तिचा?"

मी म्हणाले, "मग माझं नागपूर?"

त्यांनी घास पुन्हा उचलला. खोटं सांगणार नाही, मला तेव्हा त्यांची लाज वाटली नाही, फक्त संताप आला. आपला बाप चार लोकांसारखा का वागत नाही, असा अगदी साधा, सतरा वर्षांचा संताप. अंगठा देणाऱ्या म्हातारीला गावातला कोण पुढे किती छळेल, हा विचार मला शिवलाही नाही. बाबांना तो सगळ्यात आधी सुचला होता. कारण घरकुलांसाठी दुसरी उंच जागा एकच होती, गावामागचं मुरमाड माळरान, आणि त्याच्या मालकाची राइस मिल होती, दोन ट्रॅक्टर होते आणि नगरपालिकेत शब्द चालत होता. त्या माळावर त्याला स्वतःचे प्लॉट पाडून विकायचे होते.

अर्ज टाइप करायला बाबा मला मुद्दाम सोबत घेऊन गेले. मी तोंड फुगवून स्कूटरवर मागे बसले. कचेरीबाहेर कडुलिंबाखाली एक मुसलमान चाचा टाइपरायटर घेऊन बसायचे. बाबांचे सगळे अर्ज वर्षानुवर्षं तेच टाइप करत. त्यांनी कागद चढवला.

"अर्जदार?"

बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं.

"हरकत कोनावर?"

"मी केलेल्या आराखड्यावर."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"बरी हाय. लिहा."

बाबा सांगत गेले, चाचा बडवत गेले. 'सदर जागा मी स्वतः उन्हाळ्यात पाहिली व कोरडी दिसल्याने पडीत समजलो. ती बोडी आहे. ही चूक माझी आहे. बेघरांना पाण्यात घरे देऊ नयेत. घरकुलांचे आरक्षण गावामागील माळावर न्यावे.' शेवटचं टिंब देऊन चाचांनी कागद ओढून काढला आणि तो दोनदा वाचला. "इतके साल झाले मले इथी बसून," ते म्हणाले, "दुसऱ्यावर अर्ज टाइप करून करून बोटं झिजले. खुदपर असा अर्ज कोनीच नाई दिला. एक कापी मले ठेवू द्या." मी दुसरीकडे पाहत होते. मला तेव्हा चाचांचाही राग आला.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली, जसं काही लग्नाला चालली आहे, आणि मला ओढत घेऊन गेली. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. समोर समिती, तिच्या बाजूच्या टेबलावर नकाशे घेऊन बाबा. एकेका क्रमांकाचा पुकारा व्हायचा, माणूस पुढे येऊन आपलं गाऱ्हाणं मांडायचा आणि बाबा नकाशा दाखवून खुलासा करायचे. कोणाची विहीर रस्त्यात जात होती, कोणाचं अर्धं अंगण. मग एक क्रमांक पुकारला आणि कोणीच उठलं नाही. पुन्हा पुकारला. बाबांनी पेनाचं टोपण लावलं, खुर्ची मागे सारली, टेबलाला वळसा घालून ते पुढे आले आणि बाकीचे लोक जिथे हात जोडून उभे राहत होते तिथे उभे राहिले.

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "साहेब, तुमी तं तिकडचे!" बाबा म्हणाले, "आता इकडचा हाय," आणि अर्ज वाचायला लागले. 'ही चूक माझी आहे' या वाक्याशी ते अडखळले, थांबले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

माळरानाचा उल्लेख आला तसा राइस मिलवाला उठला. "हा बाहेरचा मानूस!" तो बाबांकडे बोट करून ओरडला. "बंगालातून आला, आमच्या गावात काय हाय, काय नाई, याले काय समजते?"

माझ्या शेजारी आईचा हात बाकावर घट्ट आवळला गेला. मी तर उठलेच होते, तिने पदराआडून मला खाली खेचलं. बाबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर बोलले तुमी, भाऊ," ते म्हणाले. "मले नाई समजलं. म्हनून तं हरकत घेतली."

राइस मिलवाल्याचं बोट तसंच पुढे राहिलं. तो उभाच राहिला, लोक हसायला लागले, आणि या वेळचं हसू बाबांच्या बाजूचं होतं. समितीने विचारलं की या जागेवर पावसाळ्यात पाणी असतं हे गावातलं कोणी सांगेल का. मागच्या कोपऱ्यातून डोंग्यातली ती म्हातारी उठली. तिला कोणी बोलावलं होतं देव जाणे. बहुतेक आईच्या मावशीने. ती म्हणाली, "मी सांगतो जी. मी तिथीच राह्यतो." मग तिच्यामागून सहा-सात जण उठले. आता नाव बाबांचं होतं, म्हणून बोलायला कोणाला भीती नव्हती.

हरकत मान्य झाली. बाबा परत टेबलामागे गेले, पेनाचं टोपण काढलं आणि नोंदवहीत स्वतःच्या अर्जासमोर स्वतःच्या हाताने 'मान्य' असं लिहून पुढच्या माणसाचा क्रमांक पाहू लागले. मी तेव्हा मनात म्हणाले होते की हा माणूस कोणीही असो, माझा बाप आहे. घरी आल्यावर मात्र मी हे कबूल केलं नाही. मान ताठ ठेवायची सवय मला कोणाकडून आली, ते आईला चांगलं माहीत आहे.

बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. पुढच्या यादीतही नाही. गोपनीय अहवालात 'कामात निष्काळजी' असा शेरा बसला, आणि निष्काळजी हा शब्द गमबूट घालून चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी कोणी लिहावा, या विचाराने मला आजही जेवण गोड लागत नाही. आम्ही चंद्रपुरातच राहिलो. मी इथल्याच कॉलेजात गेले, पुढे राजुऱ्याला शाळेत भूगोल शिकवू लागले. माझं काही वाटोळं झालं नाही. बाबांशी मी जवळजवळ महिनाभर बोलत नव्हते. ते रोज सकाळी माझ्या सायकलीत हवा भरून ठेवायचे आणि काही न बोलता कामाला जायचे. एक दिवस पुढचं चाक बसलेलं होतं, मी आतूनच ओरडले, "बाबा, हवा!" आणि आमचं भांडण मिटलं.

ते निवृत्त झाले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. माळावर घरकुलं उभी राहिली होती, लोक राहायला आले होते. बाबांनी ती एकदा उन्हाळ्यात पाहिलीही होती. पण त्या ऑगस्टमध्ये चार दिवस पावसाची झड लागली, नाले भरून वाहायला लागले, आणि बाबांनी गमबूट काढले.

"कुठी चालले या पावसात?" आई म्हणाली. तेव्हा त्यांना दमा लागलेला होता.

"पावसात पाहाचं राह्यलं हाय," ते म्हणाले.

आई त्यांना थांबवू शकली नाही म्हणून तिने मला त्यांच्यासोबत धाडलं. दोन एसटी बदलून आम्ही पोचलो तेव्हा बोडी पाळीला टेकली होती आणि पाण्यावर नुसते थेंब नाचत होते. बाबा तिथे क्षणभर थांबले आणि वळून माळावर चढू लागले. चढ थोडासाच, पण त्यांना तीन वेळा उभं राहावं लागलं. वर घरांच्या ओळी होत्या, फार सरळ नव्हेत, माळाच्या उताराप्रमाणे वळलेल्या. दारांत तुळशी, पडवीत ओले कपडे, कुठेतरी टीव्ही चालू. पावसाचं पाणी रस्त्याच्या कडेने खळखळत खाली जात होतं.

बाबांनी पहिल्या घराची कडी वाजवली. एक तरुण बाई लेकरू कडेवर घेऊन बाहेर आली. छत्रीतून निथळणारा, धापा टाकणारा म्हातारा पाहून ती जरा घाबरलीच.

"बाई," बाबा म्हणाले, "पावसात घरात पानी घुसते का?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने.

"नाई जी," ती म्हणाली, कशाला घुसेल अशा नवलाने. "घरात पानी काऊन घुसन?"

बाबांनी तिला हात जोडले. तिने दार लावून घेतलं. ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि सगळं पावसाचं नव्हतं. मी त्यांच्या हातातली छत्री घेतली. सांगायचं होतं ते सगळं, चिखलातल्या गमबुटांपासून नागपूरपर्यंत, मी तिथेच सांगून टाकणार होते. पण त्यांना माझं काही ऐकायचंच नव्हतं. ते लहान मुलासारखे हसत होते.

"ऐकलं का, मा?" ते म्हणाले. "काऊन घुसन म्हनते!"